वेष्टनावरचा माणूस

गवसांना डोमाजींनी परस्पर बोलावलं होतं. घरात ते कळलं तेव्हा गवस नवरा-बायको गोंदियाला उतरून बालाघाटच्या गाडीत बसलेसुद्धा होते.

"फीत तेच कापतीन," डोमाजी म्हणाले. चहा बशीत ओतून ते फुंकर घालत होते. "ज्याच्या बागेवर आपला धंदा उभा झाला, त्याले नाई बोलवाचं त मंग कोनाले? मीच फोन लावला मागच्या हप्त्यात. म्हनलं, तुमाले सांगाचं नाई, एकदम दाखवाचं."

त्यांचा मुलगा पवन मांडवात खुर्च्या लावत होता. त्यानं हातातली खुर्ची हळूच खाली ठेवली आणि बायकोकडं पाहिलं. आम्रपालीनं मान वळवली आणि आधीच पुसलेलं टेबल पुन्हा पुसायला घेतलं.

किरनापूर रस्त्यावरच्या या नव्या शेडचं आज उद्घाटन होतं. पाच वर्षांपूर्वी आम्रपालीनं घरातल्या इडलीच्या ग्राइंडरमध्ये कोकोच्या बिया दळून पहिली चॉकलेटची वडी केली, तेव्हा सासूबाई जिजाबाई म्हणाल्या होत्या की एवढं कडू कोण पैसे देऊन खाईल. आज त्याच जिजाबाई नवी पांढरी साडी नेसून पाहुण्यांची वाट बघत दारात उभ्या होत्या. तिरोडीहून, बैहरहून, नागपूरहून मेश्रामांचे सोयरे येणार होते.

चॉकलेट खपलं ते चवीवर, आणि चवीपेक्षाही कागदावरच्या माणसावर. दोडामार्गच्या वासुदेव गवसांच्या सुपारीच्या बागेत, झाडांच्या सावलीत, कोको होता. पवन आणि आम्रपाली स्वतः तिथं जाऊन राहिले होते. गवसांच्या ओसरीवर बसून ठरलं होतं की त्यांचा सगळा माल मेश्रामांनी घ्यायचा, गवसांनी दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, आणि भाव दर वर्षी तोडणीच्या आधी दोघांनी समोरासमोर बसून ठरवायचा. प्रत्येक वडीच्या वेष्टनावर गवसांचा फोटो असायचा, डोक्याला पंचा बांधलेला, हातात कोकोचं पिवळं फळ धरलेला. खाली ओळ होती, 'एकाच बागेतला कोको, एकाच माणसाच्या हातचा.' लोक ती ओळ वाचून वडी घेत.

आणि गेलं दीड वर्ष त्या वडीत गवसांच्या बागेतली एक बीसुद्धा नव्हती.

"मी पोते एका दोस्ताच्या घरी टाकून येतो," पवन तिच्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला. "मागच्या खोलीत बारा आहेत. व्यापाऱ्याचा छापा दिसते त्यांवर."

"लपवून काय होईन?"

"आजचा दिवस निघून जाईन. बस, इतकंच." त्यानं पिकअपची किल्ली काढली. "तू त्यांना मागं नको जाऊ देऊ. इतकं कर."

तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पिकअप मागच्या दारानं निघून गेली. जिजाबाई दारातून तिच्याकडं बघत राहिल्या. मग आत येऊन त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोरानं काई चुकीचं केलं असन त लोकं गेल्यावर बोलू. आज सोयरे येऊन राह्यले. आज कोनी काई बोलाचं नाई."

म्हणजे सासूबाईंनाही कळलं होतं. कधीपासून, ते विचारायची हिंमत आम्रपालीला झाली नाही.

असं काही ठरवून झालेलं नव्हतं. दोन पावसाळ्यांपूर्वी गवसांचा फोन आला होता. तिकडं पंधरा दिवस ऊन नाही, बिया सुकेनात. चुलीच्या धुरावर सुकवल्या तर वास बसतो, आम्ही तसं करणार नाही, थोडं थांबा. इकडं राखीची मोठी ऑर्डर अंगावर आली होती. पवन नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडून पोती घेऊन आला. पहिलं पोतं आम्रपालीनंच उघडलं. धुराचा उग्र वास आला. "या वेळेपुरतंच," पवन म्हणाला होता. तिनं त्या बिया जास्त भाजल्या, साखर वाढवली आणि छापून आलेल्या कागदात वड्या गुंडाळल्या. कुणीच तक्रार केली नाही. पुढच्या वेळीही कुणी केली नाही. व्यापाऱ्याचा माल वेळेवर येई, हवा तेवढा येई. गवसांना मात्र सांगत राहिले की यंदा मागणी कमी आहे. दोनदा हे तिनं स्वतः फोनवर सांगितलं होतं. दुसऱ्या वेळी गवसांनीच तिची समजूत काढली होती, "धंद्यात असं होतं ताई, तुम्ही धीर सोडू नका."

अकराच्या सुमारास रिक्षा थांबली. वासुदेव गवस फोटोपेक्षा बारीक झाले होते. बरोबर त्यांच्या पत्नी सत्यवती, हातात दोन जड पिशव्या. सत्तरीतले डोमाजी जवळजवळ धावतच पुढं गेले.

"जय भीम, गवसभाऊ. लई लांबून आले तुमी."

"नमस्कार दादा. तुम्ही बोलावलंत, मग यायलाच हवं." गवसांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. मग आम्रपालीला पाहून ते मनापासून हसले. "ताई, ओळखलंत ना?"

तिनं वाकून नमस्कार केला. वर बघताना तिची नजर त्यांच्या मागच्या भिंतीवर गेली. तिथं त्यांचाच पुरुषभर उंचीचा फोटो लावलेला होता. गवस वळले, तो पाहिला आणि लाजून पुन्हा समोर बघू लागले.

"एवढा मोठा कशाला लावलात?" सत्यवती हसत म्हणाल्या. "घरी हे चार माणसांत पुढं बसत नाहीत."

पवनची धाकटी बहीण श्रुतिका फोन घेऊन त्यांच्याभोवती फिरत होती. चॉकलेटच्या जाहिरातीचं काम तीच बघायची. "काका, इधर देखिए. काकू, तुम्हीपण." तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. दीड वर्ष ती रोज गवसांच्या बागेबद्दल मनापासून लिहीत आली होती.

चहा झाल्यावर गवसांनी आम्रपालीला बाजूला बोलावलं. पिशवीतून त्यांनी कापडाच्या लहान लहान पुड्या काढल्या आणि नव्या टेबलावर ओळीनं मांडल्या. आठ होत्या. प्रत्येकीवर पेनानं नाव लिहिलेलं.

"तुमच्या भरवशावर मी शेजारच्या आठ घरांना कोको लावायला सांगितलं होतं," ते म्हणाले. "दोघांनी तर सुपारी तोडून लावलाय. आता दीड वर्ष माल पडून आहे. बाहेर द्यायचा नाही असा शब्द दिलेला, म्हणून कुणी दिला नाही. ते मला विचारतात, वासू, आपलं कुठं चुकतं? मला सांगता येत नाही. म्हणून प्रत्येकाच्या घरच्या बिया आणल्यात. तुम्ही भाजून बघा. आंबवण्यात कमी पडतो की सुकवण्यात, ते स्पष्ट सांगा. वाईट वाटून घेणार नाही आम्ही."

आम्रपालीनं एक पुडी उघडली. आत तपकिरी, गुबगुबीत, नीट सुकवलेल्या बिया होत्या. तिनं एक बी नाकापाशी नेली आणि परत पुडीत ठेवली.

"वाईट आहेत का?" गवसांनी विचारलं.

"नाही, भाऊ. खूप चांगल्या आहेत."

"मग?"

मांडवातून डोमाजींची हाक आली. वंदनेची वेळ झाली होती. तिनं पुडी बांधली आणि हाक आली याचं बरं वाटलं म्हणून तिला स्वतःची लाज वाटली.

भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढं मेणबत्त्या लागल्या. सगळे हात जोडून उभे राहिले. त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं. पवन परत येऊन पुरुषांच्या रांगेत मागं उभा होता, शर्टाला पोत्याचा धुरळा लागलेला. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, आम्रपालीचा आवाज बंद झाला. ओठ हलले फक्त. शेजारी जिजाबाई सुरात म्हणत होत्या, पण त्यांचा हात सुनेच्या हाताला घट्ट धरून होता.

गवसांनी फीत कापली. टाळ्या झाल्या. श्रुतिका ताट घेऊन पुढं आली, त्यात वड्या रचलेल्या.

"आता काका आपल्या स्वतःच्या बागेतलं चॉकलेट खाणार," ती सगळ्यांना म्हणाली आणि तिनं फोन धरला. "काका, आरामात. मी शूट करतेय."

आम्रपाली एक पाऊल पुढं झाली. मांडवाच्या पलीकडून पवननं तिच्याकडं पाहिलं आणि किंचित मान हलवली. ती थांबली. या थांबण्याची आठवण तिला पुढं अनेक वर्षं राहणार होती.

गवसांनी वडीचा कागद फाटू न देता सोडवला, घडी करून खिशात ठेवला. एक तुकडा मोडून सत्यवतींना दिला, एक तोंडात टाकला. ते चावत नव्हते, जिभेवर विरघळू देत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे थांबले. त्यांनी आणखी एक लहान तुकडा घेतला, खात्री करून घ्यायला घ्यावा तसा. सत्यवती चटकन नवऱ्याकडं वळल्या, काहीतरी बोलणार होत्या. गवसांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"कसं आहे काका?"

गवसांनी मांडवातल्या सगळ्यांकडं पाहिलं. नागपूरचे सोयरे, तिरोडीची माणसं, अभिमानानं ताठ बसलेले डोमाजी.

"छान आहे," ते म्हणाले.

सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आम्रपाली जेवणाकडं बघायचं म्हणून तिथून निघाली आणि मोरीपाशी जाऊन नळ सोडून नुसती उभी राहिली.

जेवणं उरकली. तिरोडीची जीप निघून गेली, बैहरवाले बससाठी उठले. घरचेच राहिले तेव्हा गवस हात धुवायला मोरीपाशी आले. आम्रपालीनं त्यांच्या हातावर पाणी घातलं.

"ताई," ते हात पुसत म्हणाले, "हा कुठल्या बागेतला कोको?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

"माहीत नाही, भाऊ," ती म्हणाली. "व्यापाऱ्याकडचा आहे. कोणाच्या बागेतला, ते आम्ही विचारलं पण नाही."

"केव्हापासून?"

"त्या पावसापासून. तुम्ही थांबा म्हटलं होतं, तेव्हापासून."

गवसांनी मान हलवली. "मागणी कमी आहे म्हणालात."

"खोटं होतं ते. मी खोटं बोलली तुमच्याशी. मागणी वाढली होती."

मागं जिजाबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातातलं ताट खाली पडून वाजलं. आवाजानं डोमाजी आले, त्यांच्यामागं श्रुतिका, पवन आणि सत्यवती. काय झालं, असं डोमाजींनी विचारलं. मग आम्रपालीनंच सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी सासऱ्यांकडं बघून. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण होतं.

श्रुतिकानं हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला. "आणि मी रोज लिहीत होती," ती भावाला म्हणाली. "दादा, मला एकदा बोलला असता. हजारो लोगों को मैंने झूठ बोला, और मुझे पता भी नहीं."

"मी काय करू मग?" पवन म्हणाला. "ऑर्डर सोडली असती तर दुकानदार पुन्हा आले असते का? एकदा घेतला माल, मग तोच चालू राह्यला. गवसभाऊ, तुमचं सगळं नंतर घेणारच होतो आम्ही. खरंच घेणार होतो."

"घेणार होता त फोटो काहून लावला?" डोमाजींनी विचारलं.

"बाबा, कागद छापून आलते."

"कागद छापून आलते," डोमाजींनी तेच शब्द हळू म्हटले. ते खुर्चीवर बसले.

"मी खाणीवर ठेकेदाराकडं होतो तवाची गोष्ट," ते गवसांकडं बघत म्हणाले. "हे घरात कोनाले सांगतली नाई मी. तपासनीले साहेब याचा होता. त्या दिवशी ठेकेदारानं आमाले नवे बूट देल्ले, टोप्या देल्ल्या. सायबानं मलेच विचारलं, रोज भेटते का? मी म्हनलं, हौ साहेब, भेटते. संध्याकाळी बूट वापस घेतले. दुसऱ्या दिवशी माह्या जोडीदाराच्या पायावर दगड पडला, तीन बोटं गेली. मी खरं बोललो असतो त... मले मालूम नाई काय झालं असतं. पन मी बोललो नाई. नोकरीची भीती होती." त्यांनी मुलाकडं पाहिलं. "तुले कायची भीती होती, पवन? तुले कोनं धरलं होतं?"

पवन भिंतीवरच्या फोटोकडं पाठ करून उभा होता.

जिजाबाई पुढं झाल्या. त्यांनी गवसांपुढं हात जोडले. "मले अंदाज आलता, भाऊ. पोराची अब्रू झाकत राह्यली मी. तुमची अब्रू माह्या ध्यानातच नाई आली."

गवस गडबडून मागं सरले. "तुम्ही मोठ्या आहात, असे हात जोडू नका."

मग सत्यवती बोलल्या. "यांनी मघाशी छान आहे म्हटलं, ते तुमच्या पाहुण्यांसमोर तुमची मान खाली जाऊ नये म्हणून. आता मला सांगा, गावात आमची मान कोण वर ठेवणार? त्या दोघांनी सुपारी तोडली, ती यांच्या शब्दावर. लोक म्हणतात, वासूनं स्वतःचा फोटो छापून घेतला आणि आम्हाला बुडवलं. तुमच्या कागदामुळं आमच्या घरी लोक यायचे बंद झालेत."

हे गवसांनी फोनवर कधीच सांगितलं नव्हतं. आम्रपालीला वाटलं होतं की आपण माल घेतला नाही, एवढंच आपलं पाप. एका माणसाचा चेहरा वापरून आपण त्याला त्याच्याच गावात खोटं पाडलं, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"आता काय करायचं, तुम्ही सांगा," ती म्हणाली. "माल सगळा घेतो. जो भाव म्हणाल—"

"भावाचं आज बोलू नका," गवस म्हणाले. "आज भाव बोललो तर ते मला गप्प करण्यासारखं होईल." त्यांनी भिंतीकडं बोट केलं. "दोन गोष्टी करा. माझा फोटो काढून टाका, सगळीकडून. आणि तुम्ही जे मला सांगितलंत, ते माझ्या गावात येऊन सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, वासू स्वतःला सोडवतोय."

"मी येतो," डोमाजी लगेच म्हणाले.

"नाही बाबा," आम्रपाली म्हणाली. "फोनवर मी बोलली होती. मलाच जावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पवन शेडमध्ये होता. भिंतीवरचा फोटो त्यानं स्वतः उतरवला, गुंडाळला आणि गवसांच्या हातात दिला. तयार खोके त्यानं पिकअपमध्ये भरले नाहीत. उलट दुकानांतून माल परत आणायला तो रिकामी गाडी घेऊन निघाला. श्रुतिका त्याच्याशी बोलत नव्हती, तरी शेवटच्या क्षणी ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. "प्रत्येक दुकानदाराले तू कारण सांगशील," ती म्हणाली. "मी ऐकणार आहे." पवननं मान डोलावली. गाडी सुरू करण्याआधी तो उतरून गवसांपाशी आला, पण बोलायला त्याला शब्द सापडले नाहीत. गवसांनीही त्याला मदत केली नाही.

दुपारच्या गोंदियाच्या गाडीला डोमाजी आणि जिजाबाई पोचवायला आले. जिजाबाईंनी तिघांच्या पोळ्या बांधून दिल्या होत्या. डोमाजी फलाटावर गवसांशी हवापाण्याचं बोलायचा प्रयत्न करत होते आणि मध्येच थांबत होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वर केला, पण हलवला नाही.

डब्यात गर्दी नव्हती. गवस खिडकीपाशी, समोर आम्रपाली. सत्यवती पदर डोक्यावरून घेऊन डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या होत्या की बोलायचं नव्हतं, ते कळत नव्हतं. मधल्या स्टेशनावर एक बाई चढली आणि आम्रपालीकडं बघून गवसांना म्हणाली, "लेकीले घेऊन चालले का?" गवसांनी नुसतं हसल्यासारखं केलं. अजून दीड दिवसाचा प्रवास होता आणि आम्रपालीला या माणसाच्या समोर बसायचं होतं.

गोंदिया जवळ आलं तेव्हा तिनं विचारलं, "भाऊ, तिथं सगळ्यांना एकत्र बोलवाल ना? म्हणजे मी बैठकीत एकदाच सगळं सांगते."

गवस बाहेर बघत होते. भाताची मोकळी शेतं मागं जात होती.

"बैठक नको," ते म्हणाले. "बैठकीत माणूस भाषण करतो. आठही घरांत जायचं. प्रत्येकाच्या ओसरीवर बसायचं, त्यांच्या घरचं पाणी प्यायचं आणि मग सांगायचं. आठ वेळा."

आम्रपालीनं मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले.

"हौ," ती म्हणाली.